समासात लिहायचं तर पुस्तक आपलंच लागतं

मोडीच्या वर्गाला येणाऱ्या अमळनेरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "सर, मोल्सवर्थ, दाते-कर्वे, विश्वकोश, सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. आमचं घर दोन खोल्यांचं. तरी तुम्ही वर्गात दर वेळी सांगता, कोश विकत घ्या. कशासाठी? आणि घ्यायचाच तर आधी कोणता घ्यावा?"

प्रश्न रास्त आहे, आणि घरच्यांनीही तो तुला विचारला असणार. मोबाइलवर कोश बघायला माझी ना नाही. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश नेटवर आणून ठेवला, त्याचे उपकार आपल्यासारख्यांवर फार आहेत. गावोगावी ओट्यावर बसून कोणाचे कागद वाचताना मीही फोनच काढतो. शब्द नीट माहीत आहे, अर्थाची फक्त खात्री करायची आहे, तेवढ्या कामाला फोन पुरतो.

पण आपल्या कामात शब्द नीट माहीत नसतो, तिथूनच काम सुरू होतं. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं, शब्द तोडलेले नसतात. लिहिणाऱ्याने आधी शिरोरेघ ओढून घेतलेली आणि तिच्याखाली अक्षरांची माळ. त्यात कागद घडीवर फाटलेला, कसरीने खाल्लेला. अशा कागदातून हाती लागतो तो अर्धामुर्धा शब्द, आणि शोधाच्या चौकटीत जे घालायचं ते कोशातल्याच लेखनाचं लागतं. छापील कोशाला अर्धा शब्द दिला तरी तो वाट दाखवतो. कशी, ते एका कागदावरून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातल्या एका घरातून एक कौल वाचायला आला. कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेलं लेखी अभयवचन. वर साल होतं 'सीत मयातैन व अलफ'. ही अरबी संख्या. सीत म्हणजे सहा, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. मिळून शुहूर सन 1206, जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना. शुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनपासून सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. जून ते डिसेंबरच्या तारखेला त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. कागदावर रजब या हिजरी महिन्याचा 12 वा चंद्र, म्हणजे 12 वी तारीख होती. जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांच्या मेळाचं पुस्तक, उघडली तर ऑक्टोबर 1805 चा पहिला आठवडा निघाला. इथवर सगळं सरळ होतं.

मजकुरात पड जमीन लागवडीला आणण्याची गोष्ट होती आणि ती कशी आणायची, त्या जागीच कागद कुरतडलेला. उरलं होतं 'स्ताव्याने'. सुरुवातीचं अक्षर गेलेलं, पुढच्या काना-मात्रांवर पाण्याचा डाग. मी 'विस्तवाने' असं वाचलं. झाडोरा जाळून जमीन मोकळी करायची असेल असा अर्थही लावला आणि तसं लिप्यंतर करून ठेवलं. अर्थ बसत होता, म्हणून शंकाही आली नाही.

चार दिवसांनी त्याच कागदातला दुसरा शब्द, इस्तकबिल, नीट पाहावा म्हणून मोल्सवर्थ उघडला. इस्तकबिल म्हणजे 'अमुक दिवसापासून'. अर्थ माहीत होता, मूळ फारसी की अरबी ते पाहायचं होतं. नजर सहज खाली गेली आणि 'इस्तावा' दिसला. पड जमीन कसायला घेणाऱ्याला पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरसाल चढता, आणि ठरलेली वर्षं सरल्यावर पूर्ण सारा, अशी जी सवलतीची रीत, तिला इस्तावा म्हणतात. मी कागद पुन्हा भिंगाखाली धरला. 'इस्ताव्याने' होतं. जाळण्याचा तिथे काही संबंध नव्हता.

मग शेल्फावरून खानदेशचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, काढलं, मुंबई इलाख्याच्या मालेतला 12 वा खंड, 1880 सालचा. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला आणि पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला, गावंच्या गावं ओस पडली, हे त्यात दिलं आहे. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच हा कौल लिहिला गेला. ओस गावात पाटलाला माणसं परत आणायची होती, आणि पहिल्या वर्षी पूर्ण सारा मागितला असता तर कोणी नांगर धरला नसता. सगळा कागद त्या एका शब्दाने उलगडला. समोर टेबलावर दोन पुस्तकं आणि तो कागद, तिन्ही एकदम उघडे होते. फोनच्या पडद्यावर एका वेळी एकच पान दिसतं, आणि मी 'इस्तकबिल' शोधला असता तर मला इस्तकबिलच मिळाला असता. 'इस्तावा' मी शोधणार कसा? तो शब्द आहे हेच मला माहीत नव्हतं.

शेजारचा शब्द दिसणं हे छापील कोशाचं पहिलं सुख. पण त्यासाठी पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. ते सुख ग्रंथालयातही मिळतं. विकत घ्यायचं कारण वेगळं आहे आणि तुला मुख्यत्वे तेच सांगायचं आहे. आपल्या पुस्तकाच्या समासात आपल्याला लिहिता येतं.

माझ्या दाते-कर्व्यांत 'फड' या शब्दाजवळ बघ. फडाचे अर्थ मराठीत काय थोडे आहेत? तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड, फडणिसाचा फड. या सगळ्याशेजारी माझ्या पेन्सिलीने बारीक अक्षरात पांझरा नदीकाठचा फड लिहिलेला आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या सगळ्या शेतजमिनीचे तीन-चार मोठे भाग, आणि त्या एकेका भागाला फड म्हणायचं. एका फडात शेतकरी कितीही असले तरी त्या वर्षी पीक सगळ्यांचं एकच, आणि पुढच्या वर्षी ते फिरवायचं. पाणी देणारा पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. पाण्याची पाळी ठरलेली, तंटा गावातच मिटवायचा. हे मला साक्रीकडच्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून सांगितलं. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचं बोलणं त्या संध्याकाळी वहीत लिहिलं असतं तर ती वही आज कुठे असती कोण जाणे! कोशात लिहिलं, म्हणून 'फड' कधीही काढला की ते समोर येतं, नेमकं जिथे हवं तिथे.

'दादर'चंही तसंच. कोशात दादर म्हणजे जिना. मुंबईच्या माणसाला ते स्टेशन. आपल्याकडे दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, काळ्या कसदार जमिनीत ओलीवर येणारी, जिची भाकर गोड लागते म्हणून घरच्या खाण्याला राखून ठेवतात. सावकाराच्या वहीत 'दादर 4 मण' वाचून कोणी जिन्याचा विचार करणार नाही, पण 'दादर' आणि 'जवारी' एकाच वहीत वेगळ्या ओळींवर का आले, हे बाहेरच्याला कळत नाही. मी दोन्ही शब्दांजवळ एकमेकांकडे बोट दाखवणारी खूण केली आहे.

दाते-कर्व्यांचा कोश 1932 ते 1938 या सहा वर्षांत सात खंडांत निघाला आणि 1950 साली पुरवणी आली. बोलीतल्या शब्दांना त्यांनी प्रदेशाच्या खुणा दिल्या, चौकोनी कंसात मूळ दिलं, बखरी आणि पोथ्यांतली उदाहरणं दिली. त्या काळात, हाती चिठ्ठ्या-कार्डं एवढंच साधन असताना हे केलं. पण अहिराणी, आपली खानदेशची बोली, ही एका कोशाच्या ओंजळीत मावणारी गोष्टच नाही. धुळ्याची वेगळी, चाळीसगावची वेगळी, तापीच्या पलीकडे गेलं की गुजरातीचा वास येतो, आणि जळगाव-भुसावळकडची लेवा गणबोली तर अहिराणीच नव्हे. बहिणाबाईंची गाणी वाचताना अहिराणीचा शब्द म्हणून शोधायला गेलं की फसगत होते ती यामुळेच. हे बारकावे प्रमाण कोशात यायला पुष्कळ वेळ लागेल. तोवर ते तुझ्यामाझ्या प्रतींच्या समासात राहायला हवेत. तू अमळनेरची, तुझ्या आजीच्या तोंडी जे शब्द आहेत ते माझ्याकडे नाहीत.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा 9 व्या खंडाचा तिसरा भाग कधी हाती आला तर सोडू नकोस. 1907 चा आहे. त्यात खानदेशी घातली आहे भिल्ली बोलींच्या शेजारी. मराठीचा खंड वेगळा, 7 वा. हे वर्गीकरण बरोबर की चूक यावर आजही बोलता येईल. माझं मत असं की कान गुजरातीकडे आणि पाय मराठीत असलेल्या बोलीला एकाच खणात बसवण्याचा अट्टहास त्या काळच्या पद्धतीचा होता. पण सर्वेक्षणात जवळजवळ प्रत्येक बोलीसाठी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट नमुना म्हणून घेतली, तशी ती खानदेशीतही आहे. माझ्या वडिलांना अक्षरओळख बेताची. त्यांना मी ती मोठ्याने वाचून दाखवली. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हाई ते आपलंच बोलनं शे." शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी आपलं बोलणं कागदावर घेतलं, ते बांधीव पुस्तकात आहे आणि ते पुस्तक आपल्या घरात आहे, याचा जो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता तो मी विसरलेलो नाही. त्यानंतर घरात कोणी पुस्तकांच्या जागेबद्दल बोललं नाही.

आणि आपण खानदेशातले लोक या बाबतीत पोरके नाही, हेही तुला कळायला हवं. इतिहासकार वि. का. राजवाडे पुण्याचे म्हणून सगळे सांगतात, पण 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांनी देह ठेवला तो धुळ्यात. पुढच्याच वर्षी इथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, आणि त्यांनी टिपून ठेवलेल्या साहित्यावरून मराठी धातुकोश 1937 मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश 1942 मध्ये छापला गेला. दोन्हींचं संपादन कृ. पां. कुलकर्ण्यांचं. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठ धुंडाळून आणलेली हस्तलिखितं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत, तेही धुळ्यातच. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे म्हणून ओळखले जातात. जन्म आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा, 1901 चा. पांझरेच्या खोऱ्यात वाढलेल्या मुलाने पुढे अख्ख्या मराठीचा विश्वकोश उभा केला. पिंपळनेरच्या बाजूला कागद वाचायला गेलो की मला हे दर वेळी आठवतं.

आता कोणता घ्यायचा ते. आधी मोल्सवर्थ. मूळ कोश 1831 चा, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची, साठ हजारांच्या आसपास शब्द, आणि 1975 साली पुण्याच्या शुभदा-सारस्वतने तिचं पुनर्मुद्रण केलं. एकाच खंडात सगळं मावतं, ही दोन खोल्यांच्या घराला मोठी सोय. अर्थ इंग्रजीत आहेत, पण त्याने बिचकू नकोस. पेशवाई संपून पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचे शब्द, कुणब्याच्या, कारकुनाच्या, वाण्याच्या तोंडचे, त्यात आले आहेत. तू वाचणार ते कागदही त्याच पिढ्यांचे. शब्दापुढे एक अक्षर असतं, त्यावरून फारसी, अरबी की संस्कृत ते कळतं. फारसीत आणखी खोल जायचं झालं तर माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश आहे, 1925 चा.

दुसरा दाते-कर्वे, पण घाई करू नकोस; पूर्ण संच मिळेपर्यंत थांब. पुरवणीसकट मिळाला तरच तो पूर्ण. त्यानंतर कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, 1946 चा. राजवाड्यांचे दोन्ही कोश प्रेमाने घे, पण त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती खरी मानू नकोस. त्यांची बुद्धी इतकी वेगवान होती की कधी कधी पुराव्याच्या पुढे निघून जाई. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड आणि विश्वकोश घरी आणायच्या नादाला लागू नकोस. ते ग्रंथालयात आणि नेटवर वाच. गॅझेटियर मात्र कागदावर घे. नेटवरच्या कित्येक स्कॅन प्रतींत घडीचे नकाशे घडी न उघडताच टिपले आहेत, आणि नकाशाशिवाय गॅझेटियर म्हणजे अर्धं पुस्तक. त्या पुस्तकात खानदेश एकसंध आहे. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले 1906 मध्ये, आणि नंदुरबार धुळ्यातून वेगळा निघाला 1998 मध्ये. गावांची नावं शोधताना हे ध्यानात ठेव.

जुना संच घेताना दुकानात घाई करू देऊ नकोस. फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, क्रमाने लागले आहेत का, एखादा दोनदा आणि एखादा गायब असं नाही ना, ते पान पान उलटून पाहा. कण्यातून दोरा दिसत असेल तर हरकत नाही, जुजबंदी, म्हणजे फर्म्यांची शिवण, पुन्हा करता येते. पण कडा मशीनवर कापून समास गेलेला असेल तर ती प्रत मी घेत नाही. ज्यासाठी घ्यायची तेच गेलं. आधीच्या मालकाचं लिखाण असेल तर उलट आनंदाने घे. माझा मोल्सवर्थ असाच, पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून जुना घेतलेला. आधीचा मालक कोणी महसुली कारकून असावा, कारण वतन, जमीनझडती, तगाई असल्या शब्दांजवळ लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर अरबी अंकांचं कोष्टक आहे, सुबक हातातलं. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असं तिस्सापर्यंत. मी शुहूर सन त्या पानावरूनच शिकलो.

पुस्तक घरी आणलंस की पहिल्या रात्री एकही शब्द शोधू नकोस. प्रस्तावना वाच आणि संक्षेपांची यादी वाच. मग मागचं शुद्धिपत्र घे आणि त्यातली प्रत्येक दुरुस्ती आतल्या पानावर स्वतःच्या हाताने कर. शुद्धिपत्र नंतर कोणी उघडून पाहत नाही. दाते-कर्व्यांच्या बाबतीत आणखी एक काम कर. पुरवणीत जो शब्द आला आहे त्याच्या जागी मूळ खंडात बारीक टिंब दे, म्हणजे पुरवणी पाहायची आठवण राहील. मला या कामाला दोन दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. तेवढ्या दिवसांत जितके शब्द नजरेखालून गेले तितके त्यानंतरच्या दहा वर्षांत गेले नाहीत.

जपणुकीचं थोडं. आपल्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या घरात गेला की कण्याचा सरस तडकतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नकोस. वाळवीसाठी लोखंडी कपाट बरं, पण भिंतीपासून चार बोटं पुढे. सावलीत खडखडीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे कापडात बांधून कोपऱ्यात ठेवावेत, दर पावसाळ्याआधी बदलावेत. बांधणी करायला दिलीस तर बाइंडरला खळीत मोरचूद घालायला सांग, नाहीतर कसरीला ती खळ म्हणजे मेजवानी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नकोस. ती पिवळी पडते, सुटते आणि अक्षरं घेऊन जाते.

खंड उसना देऊ नकोस. माझ्या संचातला एक खंड एका ओळखीच्या अभ्यासकाने आठ दिवसांसाठी नेला. त्याला पंधरा वर्षं झाली. दुसरी प्रत विकत घेऊन मी संच पुरा केला, छापलेलं सगळं परत मिळालं. पण त्या खंडाच्या समासात तापीकाठच्या नावाड्यांचे शब्द होते, होडीच्या भागांचे, पाण्याच्या ओढीचे. ते मी तीन उन्हाळे हिंडून गोळा केले होते. त्यातले निम्मे मला आता आठवत नाहीत आणि ज्यांनी सांगितले त्यांच्यातलं कोणी राहिलं नाही. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात मी समासातलं सगळं एका वहीत उतरवून काढतो, खंड आणि पान घालून. तू पहिल्या वर्षापासून कर.

आणि तू वर्गात विचारलं होतंस, पेन की पेन्सिल. पेन्सिल, एचबी, टोक बारीक. दाते-कर्व्यांचा कागद पातळ आहे, शाई मागच्या पानावर उतरते. शब्दाखाली रेघ मारू नकोस, बाहेर समासात लिही : शब्द, अर्थ, गाव, आणि साल. सांगणाऱ्याचं वयही लिही. शनिवारी येशील तेव्हा माझे दोन्ही कोश टेबलावर काढून ठेवतो. आजीला आधी विचारून ये, 'दादर'ला अमळनेरकडे आणखी काय काय म्हणतात. त्या पानावर अजून जागा आहे.